हौशी कसरतीच्या चित्रफितीची लांबी : सावे दादांच्या कुस्तीपासून औंढे परिसरातील ट्रायल सायकलीपर्यंत

प्रस्तावना

७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा भारतातील पहिला खेळ झाला. त्यात सहा चित्रे दाखविण्यात आली. आगगाडीचे आगमन आणि कारखान्यातून बाहेर पडणारे कामगार ही त्यांतील दोन चित्रे चित्रपटेतिहासाच्या प्रत्येक अभ्यासकास ठाऊक असतात. मात्र त्याच कार्यक्रमपत्रिकेत ‘चाकांवरील स्त्रिया व सैनिक’ अशा अर्थाचे एक शीर्षक होते, याची दखल क्वचितच घेतली जाते. त्या काळच्या इंग्रजी बोलीत ‘चाकांवर’ म्हणजे सायकलवर. म्हणजेच भारतीय भूमीवर पडद्यावर उमटलेल्या अगदी पहिल्या प्रतिमांमध्ये सायकल होती आणि सायकलवर तोल सांभाळणारा माणूसही होता.

सायकल आणि चलच्चित्र ही एकाच पिढीतील यंत्रे. दोन्ही हौशी माणसाच्या हाती लवकर आली आणि दोहोंनी त्याला शरीराचे कौतुक करण्याची नवी साधने दिली. प्रस्तुत लेखात या नात्यातील एकाच प्रश्नाचा विचार केला आहे : शारीरिक कौशल्याचे हौशी चित्रण जेव्हा एक-दोन मिनिटांच्या पलीकडे वाढवायचे असते, तेव्हा प्रेक्षकाला कशाच्या बळावर धरून ठेवता येते? प्रश्न वरवर तांत्रिक भासतो. परंतु लांबी वाढविण्याचा सर्वांत सोपा मार्ग धोका वाढविणे हा असल्याने आणि त्या मार्गाची किंमत शेवटी सायकलस्वाराच्या हाडांनी चुकती होत असल्याने त्याचा विचार गांभीर्याने होणे आवश्यक आहे. विवेचनासाठी ट्रायल सायकल हा प्रकार आणि मावळ तालुक्यातील, लोणावळ्यानजीकचा औंढे परिसर ही उदाहरणे घेतली आहेत.

ट्रायल हा वेगाचा खेळ नव्हे. दगड, ओंडके, कठडे, पायऱ्या अशा अडथळ्यांच्या आखून दिलेल्या पट्ट्यातून पाय जमिनीस न टेकविता सायकल पार न्यायची, एवढाच त्याचा गाभा. पाय टेकला की दंडगुण. सायकलही त्यासाठीच घडविलेली असते : चौकट बुटकी, बैठक नसलेली किंवा नावापुरती, दात्यांचे प्रमाण हलके, ब्रेक मात्र अत्यंत पकड घेणारे आणि टायरात हवा कमी. स्वार मागच्या चाकावर उभा राहून उड्या घेत एका दगडावरून दुसऱ्या दगडावर जातो. या खेळाचे मूळ मोटारसायकलींच्या चाचण्यांत आहे. स्कॉटलंडमधील सहा दिवसांची चाचणी १९०९ पासून आणि यॉर्कशरमधील स्कॉट ट्रायल १९१४ पासून सुरू झाली. पुढे १९७० च्या दशकात स्पेनमध्ये, विशेषतः कातालोनियात, मोटारसायकलस्वारांच्या मुलांना सराव करता यावा म्हणून लहान सायकली घडविल्या गेल्या. त्यांतून सायकलीची ट्रायल स्वतंत्र क्रीडाप्रकार म्हणून रूढ झाली.

एका रिळाची कुस्ती

महाराष्ट्रातील हौशी कसरतीच्या चित्रणाचा प्रारंभ शोधू जाता हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावे दादा यांच्यापाशी थांबावे लागते. व्यवसायाने छायाचित्रकार असलेल्या सावे दादांनी ल्युमिएरचा खेळ पाहिल्यानंतर इंग्लंडहून कॅमेरा मागविला आणि १८९९ मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये पुंडलिक दादा व कृष्णा न्हावी या मल्लांची कुस्ती चित्रित केली. भारतीयाने केलेल्या चित्रणांतील हे अगदी आरंभीचे. देवादिकांची कथा किंवा राजेरजवाड्यांची मिरवणूक न निवडता त्यांनी दोन देहांची झुंज निवडली, हे लक्षणीय आहे. सर्कशीतील माकडे आणि त्यांना शिकविणारा माणूस हा त्यांचा दुसरा विषयही कसरतीचाच होता.

या चित्रणाच्या मर्यादा समजून घेतल्या तर पुढील सर्व प्रश्नांची बीजे तेथेच सापडतात. त्या काळी एका फितीवर साधारण मिनिटभराचे दृश्य मावत असे. कुस्ती मात्र मिनिटभरात संपतेच असे नाही. हात मिळविणे, अंदाज घेणे, खडाखडी आणि मग एखाद्या क्षणी पडणारा डाव असा तिचा क्रम असतो. आखाड्याभोवती बसलेला रसिक त्या खडाखडीतही रमतो, कारण पुढे काय होणार हे त्याला माहीत नसते. फितीवर ती प्रतीक्षा मावत नाही. त्यातच कॅमेरा एका जागी रोवलेला. झुंज चौकटीबाहेर सरकली तर ती हरवली. म्हणून कुस्ती कॅमेऱ्यासाठी योजावी लागली, बागेतील मोकळी जागा पाहावी लागली. चित्रणासाठी आखलेले कौशल्य आणि आपसूक घडलेले कौशल्य यांच्यातील अंतर पहिल्याच प्रयत्नात निर्माण झाले.

याहून मोठी अडचण म्हणजे फीत धुण्यासाठी विलायतेस पाठवावी लागली. आपण काय टिपले हे सावे दादांना अनेक आठवडे दिसले नसणार. आजचा हौशी चित्रकार उडी फसताच कॅमेऱ्याच्या पाठीवर ती पाहतो आणि लगेच पुन्हा घेतो. ही सोय निर्विवाद उपकारक आहे, पण तिने एक सवय लावली : ‘आणखी एकदा’. दमलेल्या पायांनी घेतलेली ती आणखी एक उडीच बहुधा घात करते. सावे दादांना चित्रण करण्यापूर्वी विचार करणे भाग होते, ते अलीकडे ऐच्छिक झाले आहे.

सर्कस आणि चौकातील सायकल

लांब कार्यक्रमात कसरती कशा गुंफाव्यात, हे ज्ञान मराठी मुलखात सिनेमाच्या आधीपासून होते. सांगली जिल्ह्यातील अंकलखोपचे विष्णुपंत छत्रे यांनी १८८० मध्ये आपली सर्कस उभी केली. तिच्यापाठोपाठ सांगली-तासगाव पट्ट्यातून अनेक मराठी सर्कशी निघाल्या. सर्कशीचा खेळ दोन-अडीच तास चालतो. त्यातील कोणतीही एक कसरत पाच-सात मिनिटांहून अधिक चालत नाही आणि दोन कसरतींच्या मध्ये विदूषक येतो. विदूषकाचे काम केवळ हसविण्याचे नसते. मघाशी पाहिलेली झुल्यावरची उडी तो वेडीवाकडी करून दाखवितो, पडतो, पुन्हा उठतो. त्याच्या पडण्यातूनच प्रेक्षकाला मूळ कसरत किती कठीण होती याचे माप मिळते. कौशल्याला माप लागते आणि ते माप अपयशातून मिळते, हे छत्र्यांच्या पिढीतील सर्कसवाल्यांना पक्के ठाऊक होते.

तथापि, ट्रायल सायकलीशी थेट नाते सांगणारा देशी खेळ सर्कशीत नसून गावच्या चौकात सापडतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात महाराष्ट्रातील गावोगावी सायकलवाल्यांचे खेळ होत. चौकात अथवा बाजाराच्या मैदानात गोल आखला जाई आणि सायकलवाला तीन, पाच किंवा सात दिवस रात्रंदिवस त्या गोलात सायकल चालवीत राही. अट एकच : पाय जमिनीला लागता कामा नये. कर्ण्यावर सिनेमाची गाणी वाजत. संध्याकाळी माणसे जमली की तो चालत्या सायकलवरून खाली वाकून रुमाल उचली, हँडल सोडून उभा राही, मागे पुढे सायकल डुलवीत एका जागी तोल धरी. बक्षिसाची रक्कम आणि देणाऱ्याचे नाव कर्ण्यावरून पुकारले जाई. अखेरच्या दिवशी गावकरी हार घालून, आहेर करून त्याला सायकलवरून उतरवीत.

कातालोनियातील नियमपुस्तिका आणि मावळातील बाजारपेठ यांचा एकमेकींशी काहीही संबंध नव्हता. तरीही दोन्हीकडे सायकलीच्या कौशल्याची कसोटी एकच ठरली, ती म्हणजे पाय न टेकणे. हा योगायोग नाही. सायकल हे मुळात थांबले की पडणारे वाहन आहे. न थांबता राहणे किंवा थांबूनही न पडणे एवढ्यावरच तिचे सारे नाट्य उभे असते आणि ते नाट्य लहान मुलालाही शब्दाविना कळते.

येथे खरा विचार करण्यासारखा मुद्दा वेगळाच आहे. सात दिवसांचा हा खेळ लोक कशासाठी पाहत? संध्याकाळच्या करामती तासाभरात संपत. परंतु सकाळी कामावर जाताना माणूस चौकातून वाट वाकडी करून जाई, ते सायकलवाला जेवतो कसा, अंघोळ कशी करतो, दाढी कशी करतो, रात्री झोप आल्यावर काय करतो हे पाहण्यासाठी. नियम कठोर असला की त्याच्या आत घडणारी साधीसुधी गोष्टही प्रेक्षणीय होते. चालत्या सायकलवर डोक्यावर तांब्या ओतून घेणारा माणूस दातांनी रुमाल उचलणाऱ्या माणसाइतकाच, किंबहुना अधिक, लक्षात राहिला. दीर्घ चित्रफितीचा आराखडा करणाऱ्यास यापेक्षा उपयुक्त धडा क्वचितच मिळेल. आणि त्या सायकलवाल्यांपैकी फार थोड्यांची नावे कोणत्याही लिखित साधनात नोंदली गेली, ही सांस्कृतिक इतिहासलेखनातील उणीव येथे नमूद करणे क्रमप्राप्त आहे.

सत्तावन्न हजार छायाचित्रे

लांबीचा प्रश्न चित्रपटसृष्टीत प्रथम कोणी जाणीवपूर्वक हाताळला असेल तर तो दादासाहेब फाळके यांनी. १९१२ मध्ये इंग्लंडहून कॅमेरा घेऊन परतल्यावर भांडवलदाराची खात्री पटविण्यासाठी त्यांनी कुंडीतील वाटाण्याच्या रोपाची वाढ टिपली. महिनाभराहून अधिक काळ नित्यनेमाने घेतलेल्या चित्रांतून तयार झालेली ही फीत पडद्यावर जेमतेम मिनिटभर चालत असे. दीर्घ श्रम व अल्प दर्शन हे गुणोत्तर पहिल्यांदा तेथे स्पष्ट दिसते.

३ मे १९१३ रोजी गिरगावातील कोरोनेशन चित्रपटगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला. त्याची लांबी चार रिळे, सुमारे ३,७०० फूट होती. तरीही तो एकटा दाखविला गेला नाही. त्याच्या जोडीला नृत्य, विनोदी प्रवेश आणि पायांनी वस्तू झेलणाऱ्या कसरतपटूचा खेळ ठेवण्यात आला होता. पुढे सुरतेस गेल्यावर फाळक्यांना निराळाच अनुभव आला. तेथील प्रेक्षक रात्र रात्र चालणारी नाटके पाहण्यास सरावलेला, दीड तासाच्या खेळासाठी पैसे मोजण्यास नाखूश. फाळक्यांनी तेव्हा चित्रपटाची नव्हे तर आकड्यांची जाहिरात केली : तीन आण्यांत सत्तावन्न हजार छायाचित्रे. गणित तपासून पाहिले तर ते प्रामाणिक ठरते. एका फुटात सोळा चौकटी या हिशेबाने ३,७०० फुटांत ५९,२०० चौकटी होतात. जाहिरातीतील आकडा त्याहून किंचित कमीच आहे.

ही युक्ती यशस्वी झाली, पण तिचे स्वरूप ओळखले पाहिजे. तीत प्रेक्षकाला संख्येचे आमिष दाखविले होते. कसरतीच्या चित्रणाला संख्येचे आमिष अधिकच मोहात पाडते. ‘पन्नास उड्या’ म्हटले की काहीतरी भरघोस वाटते, प्रत्यक्षात अकराव्या उडीपासून नजर सैल होते. मूकपटाच्या अखेरच्या आणि बोलपटाच्या आरंभीच्या काळात मुंबईतील स्टंटपटांनी यावर कथानकाचा तोडगा काढला. मास्टर विठ्ठल यांचे तलवारबाजीचे पट, १९३५ चा वाडिया मूव्हीटोनचा ‘हंटरवाली’, त्यानंतरचा ‘मिस फ्रंटियर मेल’, पुढे भगवान पालव अर्थात भगवान दादा यांचे अल्प खर्चाचे मारधाडपट या सर्वांत कसरत कथेच्या गरजेतून उद्भवते. नादिया धावत्या गाडीच्या टपावरून पळते, ती खलनायक पुढच्या डब्यात असतो म्हणून. हौशी मंडळींना अशी कथा रचणे क्वचितच साधते. जेथे साधण्याचा प्रयत्न होतो तेथे लुटुपुटीचा खलनायक कसरतीचेही गांभीर्य घालवितो. त्यामुळे हा मार्ग त्यांच्यासाठी फारसा उपयोगाचा नाही.

ट्रायलचा पडदा

हौशी चित्रणाची साधने दरम्यानच्या काळात स्वस्त होत गेली. १६ मिलिमीटरची फीत १९२३ मध्ये, ८ मिलिमीटरची १९३२ मध्ये आणि सुपर आठ १९६५ मध्ये बाजारात आली. मुंबईत १९३७ मध्ये हौशी सिने सोसायटीही स्थापन झाली होती. परंतु फीत महाग असेपर्यंत हौस सधन घरांपुरतीच मर्यादित राहिली. यूट्यूबच्या प्रारंभानंतर (२००५) प्रदर्शनाचा खर्च शून्यावर आला, पण लांबीचे बंधन मात्र आले : मार्च २००६ मध्ये सर्वसाधारण सभासदांसाठी दहा मिनिटांची मर्यादा घालण्यात आली आणि जुलै २०१० मध्ये ती पंधरा मिनिटे झाली. नंतर ती सैल झाली. भारतात २०१६ नंतर मोबाइलवरील माहितीवहन स्वस्त झाले. जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली आणि त्याच वर्षी यूट्यूबने आपल्या अतिलघु चित्रफितींचा प्रारंभ भारतातूनच केला. सव्वाशे वर्षांनंतर लांबी पुन्हा सावे दादांच्या एका मिनिटापाशी येऊन ठेपली. मात्र तेव्हा ती यंत्राची मर्यादा होती, आता ती बाजाराची निवड आहे.

या प्रवाहात ट्रायल सायकलीचा जो पट मैलाचा दगड ठरला, तो एप्रिल २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. एडिनबरा येथे सायकल दुरुस्तीचे काम करणारा डॅनी मॅकअ‍ॅस्किल हा तरुण आणि त्याच्याच घरात राहणारा त्याचा मित्र डेव्ह सॉवर्बी यांनी मिळून तो केला. लांबी ५ मिनिटे ३७ सेकंद, चित्रणाचा काळ सुमारे सहा महिने. पट सुरू होतो तोच टोकदार लोखंडी कुंपणाच्या अरुंद माथ्यावरून सायकल नेण्याच्या खटपटीने आणि ती खटपट आधी फसताना दिसते. सर्कशीतील विदूषकाचे कार्य येथे स्वतः नायकच पार पाडतो. पुढे उड्या कितीही सफाईदार आल्या तरी प्रेक्षकाच्या मनात ते पडणे शिल्लक असते.

येथे एक साधा हिशेब मांडणे उचित ठरेल. ३३७ सेकंदांस सहा महिने, तर त्याच घनतेच्या पंधरा मिनिटांच्या पटास, म्हणजे ९०० सेकंदांस, सोळा महिने लागतील. हा जागतिक दर्जाच्या स्वाराचा हिशेब आहे. रविवारी सवड मिळणाऱ्या, नोकरी किंवा शिक्षण सांभाळणाऱ्या हौशी स्वाराला तो परवडणारा नाही. तेव्हा पंधरा मिनिटे केवळ करामतींनी भरण्याचा संकल्प एक तर अपुरा राहतो किंवा सायकलस्वाराला त्याच्या कुवतीपलीकडे ढकलतो. दीर्घ पटात करामतींचा वाटा एक-तृतीयांशाहून अधिक असू नये, असे अनुमान यातून निघते. उरलेली दोन-तृतीयांश जागा कशाने भरायची, हाच आराखड्याचा खरा विषय.

मॅकअ‍ॅस्किल यांनीच पुढे याची दोन उत्तरे दिली. २०१३ च्या पटात बंदिस्त जागेत प्रचंड आकाराच्या खेळण्यांचे विश्व उभारले गेले, त्यास कालावधी व पैसा दोन्ही फार लागले. २०१४ चा पट मात्र त्यांच्या जन्मभूमीत, स्काय बेटावरील कुइलिन डोंगररांगेवर घेतला गेला. त्यात स्वार होडीतून येतो, सायकल खांद्यावर घेऊन कडा चढतो, धारेवरून चालवितो, उतरतो. सर्व करामती एका वाटेवर येतात. प्रेक्षक पुढची उडी कोणती याची वाट पाहत नाही, माणूस माथ्यावर पोहोचतो का हे पाहतो. कथानक नाही, खलनायक नाही, तरीही आदि, मध्य व अंत आहेत. हौशी चित्रकारास झेपणारे उत्तर हेच होय.

या इतिहासाची काळी बाजूही आहे. मार्टिन अ‍ॅश्टन या ब्रिटिश ट्रायलपटूने २०१२ मध्ये शर्यतीच्या नाजूक सायकलीवर ट्रायलच्या करामती करून एक अत्यंत लोकप्रिय चित्रफीत केली. दुसऱ्या भागाचे चित्रण चालू असतानाच्या काळात, सप्टेंबर २०१३ मध्ये, सिल्व्हरस्टोन येथील एका प्रात्यक्षिकात ते पडले आणि त्यांच्या कमरेखालील शरीर निकामी झाले. तो पट मॅकअ‍ॅस्किल व क्रिस अ‍ॅक्रिग यांनी पूर्ण केला. चाळीस वर्षांच्या आसपासचा, अनेक वर्षे सराव केलेला खेळाडू प्रात्यक्षिकात पडतो, तर दुसऱ्या वर्षाच्या महाविद्यालयीन विद्यार्थ्याने ‘आणखी एकदा’ म्हणताना काय लक्षात ठेवावे, हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

औंढे परिसर : वाट, ऋतू आणि मर्यादा

लोणावळ्याच्या आग्नेयेस, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गालगत औंढे आहे. द्रुतगती मार्गावरून जाणाऱ्यांना ते बहुधा केवळ औंढे पुलाच्या नावाने ठाऊक असते. पूर्वेस लोहगड-विसापूरची जोडी, दक्षिणेस पवनेचे खोरे, पायाशी भातखाचरे आणि मधूनमधून उघडा कातळ अशी ही भूमी. सायकलीशी या घाटमाथ्याचे नाते जुने आहे. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाटाची चढण सर्वप्रथम पार करणाऱ्यास ‘घाटाचा राजा’ हा किताब दिला जातो. ट्रायलला मात्र घाटाची लांबी लागत नाही, दहा पावलांतील चढउतार लागतो. तो या बेसाल्टच्या पायऱ्यापायऱ्यांच्या रचनेत मुबलक आहे.

असा दीर्घ पट येथे आखायचा झाल्यास वाट आपोआप सुचते : गावातून पहाटे निघून, बांधाच्या कडेने, ओढ्यातील धोंड्यांवरून, कातळाच्या टप्प्यांवरून लोहगडाच्या पायथ्यापर्यंत. पायथ्यापर्यंतच. गडाचे दरवाजे आणि त्यांच्या पायऱ्या ट्रायलस्वारास कितीही खुणावत असल्या तरी लोहगड हे केंद्र-संरक्षित स्मारक आहे. १९५८ चा प्राचीन स्मारकांविषयीचा कायदा व १९५९ चे नियम स्मारकात वाहन नेण्यास मनाई करतात आणि चित्रणावरही निर्बंध घालतात. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेशांतील बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून लोहगडाचा जागतिक वारसा यादीत समावेश झाल्यानंतर ही जबाबदारी वाढली आहे. मात्र पटाच्या दृष्टीने ही बंदी अडचणीची नसून सोयीची आहे. पूर्ण पटभर दुरून दिसणारा गड आणि त्याच्या पायाशी सायकल भिंतीस टेकवून पायी वर जाणारा स्वार, हा शेवट कोणत्याही अखेरच्या उडीहून समाधान देणारा आहे. तेथे प्रथमच स्वाराचे दोन्ही पाय जमिनीला लागतात.

ऋतूचा विचार करावयाचा तर पावसाळा वर्ज्य ठरतो. जून ते सप्टेंबर येथील कातळावर शेवाळ धरते आणि ट्रायलच्या टायरचीही पकड सुटते. पावसाळ्यातील हिरवळ व धबधबे पडद्यावर मोहक दिसतात हे खरे. परंतु ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यातील भुशी धरणामागील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले आणि त्यानंतर जिल्हा प्रशासनाने धोकादायक पर्यटनस्थळी सेल्फी व चित्रफिती काढण्यावर मनाई आदेश लागू केले. पावसाळ्यात कॅमेरा न्यावा तो सायकलविना : ढग, चिखल, लावणी, छपरीत सायकलीची दुरुस्ती करणारे हात यांसाठी. सोळा महिन्यांच्या हिशेबातील चार महिने असे सत्कारणी लागतात आणि दोन-तृतीयांश जागेपैकी बरीच भरते. प्रत्यक्ष करामतींसाठी भाताची कापणी उरकल्यानंतरचा काळ उत्तम. कातळ कोरडा, सकाळचे ऊन तिरपे, म्हणून दगडांच्या कडा कॅमेऱ्यात स्पष्ट उमटतात. भर दुपारच्या उन्हात काळा दगड सपाट दिसतो आणि उडीची उंची कळेनाशी होते.

भातखाचराचा बांध हा ट्रायलस्वाराला जणू आयता अडथळाच वाटतो. तो शेतकऱ्याने हातांनी बांधलेला असतो आणि त्यातील एक खिंड पुढच्या हंगामात खाचरातले पाणी घालविते. त्यामुळे मालकाची परवानगी, आणि परवानगी असली तरी कच्च्या बांधावर चाक न नेणे, या गोष्टी आराखड्याच्या पहिल्याच पानावर असाव्यात. त्या मालकाला पटात स्थान द्यावे, हे त्याहून बरे. बांधावर बसून कोणी वृद्ध गृहस्थ ‘पडशील रे’ म्हणतात आणि पोरगा खरोखर पडतो, एवढ्या दृश्यात सर्कशीचा विदूषक, चौकातील प्रेक्षक आणि गाव हे तिन्ही एकत्र येतात. मावळी बोलीतील असे दोन शब्द विकतच्या किंवा उचललेल्या गाण्यापेक्षा अधिक काळ टिकतात. शिवाय उचललेल्या गाण्यास स्वामित्वहक्काचा अडसर असतोच. ट्रायलला स्वतःचा नाद आहे : ब्रेकची चरचर, टायरची थाप, उडीपूर्वीचा दीर्घ श्वास. पटाच्या निम्म्या भागात संगीत नसले तरी चालेल.

कॅमेरा कोठे ठेवावा, याविषयी सावे दादांचा एक जागी रोवलेला कॅमेरा आजही निरुपयोगी ठरलेला नाही. अवघड टप्पा दुरून, अखंड, एकाच दृश्यात दाखविला तर प्रेक्षक त्यावर विश्वास ठेवतो. तोच टप्पा सहा तुकड्यांत कापला तर कौशल्य संकलकाचे की स्वाराचे, अशी शंका येते. हेल्मेटवरील कॅमेरा जपून वापरावा, त्यात उंची हरवते व डोके गरगरते. ड्रोनचा मोह आवरणे इष्ट. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार नकाशावरील लाल क्षेत्रात केंद्र शासनाच्या अनुमतीविना उड्डाण करता येत नाही आणि लोणावळ्यात १९४५ पासून नौदलाची आयएनएस शिवाजी ही प्रशिक्षणसंस्था आहे. नकाशा तपासल्यावाचून येथे ड्रोन उडविणे ही केवळ निष्काळजी ठरेल.

उरतो प्रश्न करामतींच्या क्रमाचा. बहुतेक हौशी पटांत सर्वांत कठीण उडी शेवटी राखून ठेवतात आणि ती चित्रणाच्याही शेवटच्या दिवशी घेतात, जेव्हा अंग थकलेले आणि मित्रमंडळी जमलेली असतात. पडद्यावरील क्रम आणि चित्रणाचा क्रम एक असण्याचे काहीही कारण नाही. कठीण टप्पा आधी, ताज्या अंगाने, आणि ठरविलेल्या प्रयत्नांतच घ्यावा. पाच प्रयत्नांत साधला नाही तर ते न साधणेच पटात घ्यावे आणि स्वाराने त्या धोंड्याला वळसा घालून पुढे जावे. चौकातील सायकलवाल्याकडेही शेवटच्या दिवसासाठी राखलेली वेगळी करामत नसे. तो फक्त उतरत असे आणि त्या उतरण्याला सारा गाव जमत असे.

जतन

सावे दादांची कुस्तीची फीत आज उपलब्ध नाही. चौकातील सायकलवाल्यांचे चलच्चित्रण बहुधा झालेच नाही. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये पुण्यातच, औंढ्यापासून दोन तासांच्या अंतरावर, स्थापन झाले. २०२२ मध्ये ते राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाले. अशा संस्थेकडे हौशी कसरतीची चित्रणे आपणहून पोहोचत नाहीत. मोबाइलमधील मूळ चित्रण जागा भरली की पुसले जाते आणि संकलित पट तेवढा कोठेतरी दूरच्या संगणकावर राहतो. महाविद्यालयाच्या ग्रंथालयाने किंवा इतिहास विभागाने आपल्या विद्यार्थ्यांच्या अशा चित्रणांची एक प्रत, सोबत दिनांक, स्थळ, स्वार व चित्रकार यांची नावे आणि ज्यांच्या शेतातून वाट गेली त्यांची नोंद, एवढे ठेवून घेतले तरी पुरे. यासाठी एक साठवणयंत्र, एक वही आणि त्या वहीची जबाबदारी घेणारी एक व्यक्ती लागते.